दुसऱ्यांदा वाढलेला भात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. म्हणजे—एकीला सांगितलं, पण ते शेवटी येईल. मुलाला नाही, सुनेला नाही, देवाला तर मुळीच नाही. त्याला माहीत असणारच, उगाच आठवण कशाला करून द्या?

आधी मूर्खपणा कबूल करते, तो सोपा आहे. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मी बनारसमधल्या आमच्या घरी—ब्रह्माघाटाच्या गल्लीत, जिथे आमच्या चार पिढ्या वरणभातावर पोसल्या—तीन मैत्रिणींना इटालियन जेवायला बोलावलं. का? तर वरच्या खोलीत भाड्यानं राहणारी लाउरा, इटलीहून संस्कृत शिकायला आलेली मुलगी, एकदा म्हणाली, "अम्मा, आप बिलकुल मेरी नानी जैसा पकाती हैं." झालं! बाईंच्या डोक्यात हवा गेली. महिनाभर तिच्याकडून शिकले, वही केली. तिथे म्हणे सगळं ताट एकदम वाढत नाहीत. एकेक पदार्थ आणायचा, मध्ये थांबायचं, गप्पा मारायच्या. चार वेळा वाढप. मैत्रिणींना काय ठाऊक? टोमॅटो घातलेला भाजका पाव आला, त्यांना वाटलं हेच जेवण. बिचाऱ्यांनी पोटभर खाल्ला. नंदा तर हात धुवायला उठली. "बरं केलंस गं, संध्याकाळी हलकंच बरं."

"बस खाली!" मी ओरडले. "अजून तीन यायचेत!"

हसलात ना? मीही हसते. इथेच थांबता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

पण इंदूबद्दल सांगायला हवं. इंदू माझी सर्वांत जुनी मैत्रीण. सासर वेदपाठ्यांचं. लग्नाच्या पंगतीतसुद्धा ती दोन केळी खाऊन उठायची. दुकानातलं बिस्कीट नाही, बाहेरचा चहा नाही. स्वतःच्या स्वयंपाकघराबाहेर ती एकाच घरी जेवायची—माझ्या. त्या दिवशी तिनं आधी फोन केला होता. "मालू, त्यात भलतंसलतं काही नाही ना गं?" मी छातीठोकपणे सांगितलं, अंडं नाही, दारूचा थेंब नाही, पावसुद्धा घरी भाजलाय. चीजचं काय? ते लाउराच्या आईनं इटलीहून पाठवलेलं, पिवळसर, दगडासारखा तुकडा. चीज म्हणजे दूधच की. दुधात काय बघायचं?

दुसरं वाढप भाताचं होतं. मऊ, लोण्यातला, वर किसलेलं चीज. इंदूनं पहिला घास घेतला आणि तिचा चेहरा असा काही फुलला! "अगं, हा तर आपला गुरगुट्या भात! तिकडे कुणी नेला?" सगळ्या हसल्या. माझं कौतुक चाललं होतं. मी आणखी चीज आणायला आत गेले.

आत लाउरा उभी होती. रडवेली. तिची ती पुस्तकी हिंदी—"अम्मा, क्षमा कीजिए. माँ ने अभी फोन पर बताया. दूध जमाने के लिए इसमें बछड़े के पेट का रस पड़ता है. मुझे ज्ञात नहीं था."

बछड़ा. वासरू. मी शुंभासारखी उभी. बाहेर हशा पिकला होता.

तोवर काय झालं ते अजाणता झालं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. बाहेर जाऊन सांगायचं, एवढंच तर होतं! इंदू उठली असती, आंघोळ केली असती, उपास केला असता. चार दिवस रागावलीही असती. मग? मरणार होते का मी?

मी बाहेर गेले. इंदूनं ताटली पुढे केली. "वाढ गं अजून. ते वरचं भुरभुरलेलंही घाल थोडं."

मी भात वाढला. किसणी उचलली. आणि किसलं.

का? अजून दोन पदार्थ यायचे होते म्हणून. वाहवा अर्धीच झाली होती म्हणून. एवढंच. याहून मोठं कारण मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही. लाउरा दारातून बघत होती. त्या दिवशी ती जेवली नाही.

पुढे माझे यजमान चाळीस दिवस हॉस्पिटलात होते, तेव्हा रोज डबा आला तो इंदूचा. गुडघे दुखत असताना गल्ल्या तुडवत यायची. ते गेले, मणिकर्णिकेवरून माणसं परतली, तेव्हा आमच्या थंड चुलीपाशी पिठलंभात घेऊन कोण उभं होतं? इंदू. तिनं मला भरवलं, अक्षरशः घास करून. त्या घासांवर मी जगले, हे लिहिताना मला लाज वाटत नाही. तिचं माझ्यावर किती आहे, ते मोजायला मी बसणारही नाही. फक्त प्रत्येक घासाला वाटायचं, हिला सांगायला हवं. आणि मी गिळायचे.

त्या जेवणानंतर अकरा वर्षांनी, गेल्या माघात, घाटाच्या पायरीवर ऊन खात बसलो होतो, तेव्हा सांगितलं. पहिल्यांदा वाढलेला भात, लाउरा, किसणी, सगळं. इंदूनं पिशवी उचलली, आणि एकेक पायरी चढत गेली. बावीस दिवस फोन नाही. तिनं काय प्रायश्चित्त घेतलं, मी विचारलेलं नाही. विचारायचा मला काय हक्क?

तेविसाव्या दिवशी सकाळी दार वाजलं. इंदू. चपला काढत, माझ्याकडे न बघता ती जे म्हणाली ते असं:

"पहिल्यांदा वाढलंस ती चूक होती, मालू, ती मी गंगेत सोडून आले. दुसऱ्यांदाचं सोडणार नाही. आता सरक बाजूला, भूक लागलीय. आणि कुकर माझ्यासमोर लाव."