अहवालातली दोन नावं

नेने काकू माणसाला जेवायला बोलावून रडवत. अमेरिकेत ईडन प्रेरीतल्या आम्हा मराठी पोरांना दर शनिवारी वरण-भात वाढायच्या आणि वाढता वाढता एकेकाची पिसं काढायच्या. माझ्या वाट्याला जास्त यायचं, कारण मी त्यांच्याच लॅबमध्ये व्हिसावर कामाला होतो. "नागपूरला व्हेटर्नरी शिकलास की झोपा काढल्यास?" हे ठरलेलं. तूप मात्र मलाच दोनदा मिळायचं.

आमचं काम रानातल्या बॅजरांचं, म्हणजे गाईंना क्षय देऊ शकणाऱ्या बिळातल्या जनावरांचं. गाईंच्या फार्मजवळ पिंजरे लावायचे, सापडलेल्या जनावराला भूल द्यायची, रक्त काढून क्षय आहे का ते तिथेच तपासायचं. असला तर मारायचं. प्रत्येक निकाल, आमच्या चुकांसकट, वेबसाइटवर टाकायचा असा नियम होता. बाकीचे चुका गुळमुळीत लिहीत, काकू नावानिशी लिहीत. लॅबचे साहेब वैतागायचे. "लोकांच्या रानात सुया टोचतो आपण," त्या म्हणत, "कोणी टोचल्या ते कळू दे लोकांना."

एका सकाळी साहेब सोबत असताना दोन माद्या सापडल्या. काकूंनी रक्ताच्या नळ्यांवर नंबर उलटे घातले. मला दिसलं. पण आईच्या वयाच्या बाईची चूक साहेबांसमोर काढायला माझी जीभ रेटेना. वाटलं, काकू पुन्हा बघतीलच. त्यांनी बघितलं नाही. आजारी मादी आम्ही सोडून दिली आणि निरोगी मारली; नंतर नळ्या जुळवताना ते काकूंच्या ध्यानात आलं. मारलेलीला दूध होतं. पिल्लांचं बीळ शेवटपर्यंत सापडलं नाही.

परतताना काकूंनी गाडी थांबवली. "तुला दिसलं होतं?"

"हो. पण काकू, तुम्हाला कसं करेक्ट करणार?"

अहवालात त्यांनी आधी स्वतःचं नाव लिहिलं, खाली माझं: सहायकाने चूक पाहिली, बोलला नाही. मी अक्षरशः पाया पडलो. नाव आलं की नोकरी जाणार, नोकरीबरोबर व्हिसा. "ठाऊक आहे मला," म्हणाल्या आणि अहवाल पाठवून दिला. त्यांना घरी बसवलं, मी गाशा गुंडाळला.

विमानतळावर सोडायला त्याच आल्या, धपाटे घेऊन. मी विचारलं, एकट्या स्वतःचं नाव लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं?

"मला दिसलं नव्हतं रे," त्या म्हणाल्या. "तुला दिसलं होतं."

मी नमस्कार न करताच आत गेलो. गेल्या महिन्यात काकू वारल्या. राग अजून आहे, नमस्कार करायला माणूस नाही.