तानसेनच्या धुक्यात कुणी हाक मारली?

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही, आणि हे लिहून झाल्यावरही बसेल असं वाटत नाही. आमचं बौद्ध घर. अंगारा, गंडा, बाहेरचं बघणं... यातलं काही आमच्याकडं कधीच नव्हतं. मी जिंतूर तालुक्यात बोरीला शिक्षिका आहे, पोरांनाही तेच शिकवते. म्हणूनच हे सांगायला इतके दिवस लागले.

माझ्या वडिलांना, अण्णांना, लुंबिनी बघायची होती. अलीकडं ते विसरायला लागलेत. कधी मलाच विचारतात, "तुमी कोणत्या गावच्या?" आठवतंय तोवर नेऊन आणू म्हणून मी, माझा नवरा मिलिंद आणि अण्णा आमच्याच गाडीनं निघालो. सुनौलीच्या सीमेवर गाडीचा परवाना काढून नेपाळात शिरलो. दुसऱ्या दिवशी लुंबिनी झाली. अण्णा तिथं डोळे मिटून लय वेळ बसले. एवढं आलोच आहोत तर पोखऱ्यापर्यंत जाऊ, असं ठरलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तानसेनला थांबलो. डोंगराच्या उतारावर वसलेलं गाव, आणि धुकं असं की समोरचं दुकान दिसेना. मिलिंद चाकात हवा भरून घेत होता, मी शेजारच्या दुकानातून बिस्किटं घेतली. परत आले तर गाडीचं दार उघडं, अण्णा नाहीत.

पुढचा वेळ मला नीट सांगता येणार नाही. अनोळखी देश, नेपाळी येत नाही, अण्णांना स्वतःचं नावही धड सांगता येईना. आम्ही दोघं हाका मारत गल्ल्यांतून पळत होतो.

एका चौकात दम घ्यायला थांबलो आणि खालून बाईचा आवाज आला. खणखणीत.

"आगं माय, हिकडं ये! पायऱ्या उतरून ये. तुझा बाप हितं बसलाय!"

मी मिलिंदकडं पाहिलं. तो माझ्याकडं बघत होता.

"ऐकलंस?" मी विचारलं.

"आपल्याकडची बाई हाय..." एवढंच म्हणून तो पायऱ्यांकडं धावला.

पायऱ्या संपल्या तिथं अण्णा एका ओट्यावर बसले होते. दोन पावलांवर कठडा तुटलेला, आणि पलीकडं नुसतं पांढरं धुकं... खाली दरी. मी अण्णांना मिठी मारली आणि लहान पोरीसारखी रडले.

"रडायलीस कशाला?" अण्णा म्हणाले. "मी तिकडं जायलो होतो, तर त्या बाईनं बसवलं. म्हणाली, उठू नका दादा, लेक यायलीय."

"कोणती बाई, अण्णा?"

"आत्ता होती की. चारठाण्याची हाय म्हणाली." चारठाणा म्हणजे आमच्याच जिंतूर तालुक्यातलं गाव.

समोरच्या दारात एक म्हातारी लोकर विणत होती. मिलिंदनं हिंदीत विचारलं. तिनं मान हलवली. "कोई औरत नहीं थी. बूढ़े बाबा अकेले बैठे थे, अपने आप बात कर रहे थे." मग इथून आम्हाला हाक कुणी मारली, असं विचारलं. तिनं काहीच ऐकलं नव्हतं. आम्ही आजूबाजूच्या दारांतही विचारलं. महाराष्ट्रातलं कुणी तिथं उतरलेलं नव्हतं.

मिलिंद इंजिनिअर आहे. गाडीत त्यानं बरीच कारणं काढली. कुणी पर्यटक असेल, भीतीनं भास झाला असेल... पण एकच भास दोघांना, तोही शब्दनशब्द सारखा? आणि 'आगं माय, हिकडं ये' असं आपल्याच भागात म्हणतात.

अण्णा सुखरूप आहेत, घरी आहेत. ती बाई त्यांना आता आठवत नाही. आणि खरं सांगू? ती कोण होती हे मला आता शोधायचंही नाही. माझा बाप मला परत मिळाला.

एक सांगायचं राहिलं. अण्णांना धरून वर निघताना आम्ही त्या रिकाम्या ओट्याकडं वळून पाहिलं आणि हात जोडले. आधी मिलिंदनं.