निळं न झालेलं पाणी

बाईंचं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या प्रयोगांच्या काचा धुण्यात गेलं होतं. कॉलेजच्या जीवशास्त्र विभागात त्या प्रयोगशाळा-सहायक होत्या. निवृत्त झाल्यावर घरात त्यांचा जीव रमेना. मग भाचीनं त्यांना इंटरनेटवर एक नवंच जग दाखवलं. तिथे माणसं सूक्ष्म जंतूंच्या आतल्या सूचना बदलून त्यांच्याकडून कामं करून घेत होती, आणि ते कसं केलं याची अख्खी कृती जगासमोर उघडी ठेवत होती. कुणीही वाचा, कुणीही करून बघा, चुकलं तर सांगा, सुधारलंत तर परत सगळ्यांना द्या. बाई त्या जगाच्या अक्षरशः प्रेमात पडल्या.

त्यांनी गल्लीतल्या वाचनालयाच्या अध्यक्षांच्या मागे लागून मागची खोली मिळवली. जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे हलवले, बहिणीचा टाकाऊ फ्रिज आणला, थर्मोकोलच्या खोक्यात बल्ब बसवून जंतू वाढवायची उबदार पेटी केली. निर्जंतुक करायला स्वयंपाकघरातला जुना कुकर होताच. दारावर पाटी लावली : खुली प्रयोगशाळा, कुणीही यावं.

नवरा बस कंडक्टर म्हणून निवृत्त झालेला. तो म्हणाला, "मी जन्मभर माणसं भरून नेली. तू आता जंतू भरून ने. निदान सुट्ट्या पैशांवरून भांडणार तरी नाहीत."

कुणीही यावं म्हटलं तरी येत कुणीच नव्हतं. वाचनालयात आलेला एखादा पेन्शनर डोकावून "काय वास येतोय हो?" एवढं विचारून जाई. लोकांना त्यांच्या रोजच्या कामाचं काहीतरी दाखवल्याशिवाय ते उंबरा ओलांडणार नाहीत, हे बाईंना कळून चुकलं. म्हणून त्यांनी पाण्याचा विषय धरला. गल्लीतली घरं जुनी, काहींच्या नळांना पूर्वीचे शिशाचे पाइप असायची शक्यता होती. शिसं पोटात जाणं वाईटच, पोरांच्या मेंदूला तर फारच. आणि पाण्यात शिसं असलं की निळे होणारे निरुपद्रवी जंतू कसे करायचे, याची कृती त्या उघड्या खजिन्यात होती. हिवाळाभर बाई त्याच्या मागे होत्या. शेवटी कागदाच्या पट्टीवर वाळवलेले ते जंतू पाण्यात सोडले की शिसं मिसळलेल्या नळीत निळा रंग येऊ लागला. त्या दिवशी बाई खोलीत एकट्याच टाळ्या वाजवत उभ्या होत्या.

मग त्यांनी घरोघरी जाऊन बाटल्या दिल्या. "आपल्या नळाचं पाणी भरून ठेवा, रविवारी सगळ्यांसमोर बघू." कोपऱ्यावरच्या शिंपीणकाकूंनीसुद्धा कुरकुरत बाटली भरून दिली. त्यांची सून गरोदर होती, तिनंच आग्रह धरला होता.

रविवारी वाचनालयात बसायला जागा नव्हती. बाईंनी आधी लोकांना खात्री पटावी म्हणून सगळ्यांसमोर वाचनालयाच्याच नळाचं पाणी घेतलं, त्यात मुद्दाम शिसं घातलं आणि पट्टी सोडली. म्हणाल्या, "ही नळी आता निळी होईल. मग आपण तुमच्या बाटल्या घेऊ."

नळी निळी झाली नाही.

बाईंनी दुसरी पट्टी सोडली. मग तिसरी. लोक आधी कौतुकानं बघत होते, मग घड्याळाकडे बघू लागले. कुणीतरी म्हणालं, "बाई, जंतू संपावर गेले वाटतं!" सगळे हसले आणि खुर्च्या सरकवत उठले. शिंपीणकाकू मात्र हसल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे इथे जिवंत जंतू पाळता? भिंतीला भिंत लागून माझं घर आहे!"

आठवड्याभरात गल्लीत चर्चा झाली की मागच्या खोलीत रोग तयार करतात. कुणाच्या मुलाला जुलाब झाले, नाव बाईंचं. कुणाची मांजर मेली, तेही बाईंच्याच माथी. बाई दारोदार सांगत फिरल्या की हे जंतू दुबळे आहेत, माणसाच्या अंगात टिकूही शकत नाहीत. लोक दाराची फट ठेवून ऐकत आणि हात मागे घेत. शिंपीणकाकूंनी तक्रारीवर सह्या गोळा केल्या. अध्यक्ष वाईट वाटून म्हणाले, "बाई, मी तुमच्या बाजूचा आहे. पण वाचनालय लोकांवर चालतं. महिनाअखेर खोली मोकळी करा."

घरी आल्यावर बाई जेवल्या नाहीत. नवरा म्हणाला, "सोड ना आता. कुणाला हवंय हे?"

"कुणालाच नकोय," बाई म्हणाल्या. "तेच तर."

पण नळी का फसली, हे त्यांना स्वस्थ बसू देईना. त्यांनी सगळी फजिती जशीच्या तशी लिहून त्या इंटरनेटवरच्या मंडळींपुढे टाकली. दूरच्या देशातल्या एका अनोळखी शाळाशिक्षकाचं उत्तर आलं. खोलीत तुम्ही शुद्ध पाण्यावर प्रयोग करत होतात ना? नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. तुमचे जंतू शिसं ओळखायच्या आधीच मरतात. आधी पाण्यात चिमूटभर क जीवनसत्त्व टाका, क्लोरीन निघून जाईल.

बाईंनी कपाळावर हात मारला. इतकी साधी गोष्ट! औषधाच्या दुकानातून गोळी आणून त्यांनी ती कुटली. गल्लीतल्या बाटल्या अजून फळीवर तशाच होत्या. एकेक करून सगळ्या तपासल्या. नळ्या बिनरंगाच्याच राहिल्या. फक्त एक निळी झाली, ती शिंपीणकाकूंची.

बाईंनी तसंच जाऊन त्यांचं दार वाजवलं. काकूंनी आतूनच विचारलं, "कोण?"

"मी, प्रयोगशाळेतली. काकू, तुमच्या नळाच्या पाण्यात शिसं निघालंय. सुनेला ते पाणी देऊ नका."

आत शिलाई मशीन चालू झालं.

"काकू, माझ्यावर रागवा, पण पाणी देऊ नका!"

मशीन आणखी जोरात चालू लागलं. बाई दाराशी उभ्या राहून ओरडत होत्या, आणि येणारे-जाणारे थबकून बघत होते. बाईंना रडू कोसळलं, तरी त्या तेच तेच वाक्य म्हणत राहिल्या. शेवटी नवरा येऊन त्यांना घेऊन गेला.

पाणीपुरवठ्याच्या कार्यालयातला कारकून सभ्यपणे बोलला. "तुमची नळी आम्ही पुरावा म्हणून नाही धरू शकत. सरकारी तपासणी होईल, पण अर्ज त्या घरातल्या माणसाचा लागतो."

बाई बाहेर पायरीवर बसून राहिल्या. ज्या घरानं दार लावलं, त्याच घरात जाऊन अर्ज मागायचा!

महिना संपत आला. बाई खोलीत सामान बांधत असताना शिंपीणकाकूंची सून दारात उभी राहिली. सासू बाजारात गेली होती.

"बाई, खरं सांगा. तुम्ही सूड म्हणून तर नाही ना म्हणालात?"

बाईंना ते फार लागलं. पण त्या म्हणाल्या, "माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. तू स्वतः कर."

घरून ताजं पाणी आणायला लावलं. तीन नळ्या ठेवल्या : एक शुद्ध पाण्याची, एक शिसं मिसळलेली, एक तिच्या नळाची. पूड तिनं टाकली, पट्ट्या तिनं सोडल्या. बाई हात मागे बांधून लांब बसल्या. पेटीतून नळ्या बाहेर काढल्या तेव्हा सुनेच्या हातातली, तिच्याच घरच्या पाण्याची नळी निळी होती.

"आणि मी रोज हेच पाणी पितेय," ती म्हणाली. बाईंनी तिला कार्यालयात अर्ज कसा करायचा ते सांगितलं.

अर्ज तिनंच केला. सासूशी कडाक्याचं भांडण झालं आणि ती माहेरी निघून गेली. सरकारी तपासणीत शिसं मर्यादेच्या बरंच वर निघालं. पाइप बदलला, तो फक्त त्या एका घराचा. रस्त्याखालचे पाइप कधी बघणार, हे कुणी सांगितलं नाही. गल्लीत बाकी कुणी बाटली घेऊन आलं नाही. शिंपीणकाकूंनी तक्रार मागे घेतली नाही. उलट, सुनेला बाईंनीच फितवलं असं त्या सांगत राहिल्या.

बाईंनी खोलीतले सगळे जंतू ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवून मारले, काचा धुतल्या, किल्ली अध्यक्षांना दिली. क जीवनसत्त्वाची सुधारणा त्यांनी कृतीत घालून ठेवली होती. पुढे कुठल्या कुठल्या गावांतून लोक लिहू लागले की आमच्या शाळेच्या विहिरीत शिसं निघालं, आमच्या टाकीत निघालं. बाई ते वाचून नवऱ्याला दाखवत.

सुनेला मुलगी झाली. दिसायला धडधाकट होती. डॉक्टर म्हणाले, आत्ताच काही सांगता येणार नाही, मोठी होईल तसं कळेल. सुनेनं बाईंना माहेरी बोलावून बाळ त्यांच्या मांडीवर दिलं. बाई बराच वेळ त्या पोरीचे डोळे न्याहाळत राहिल्या. ती त्यांच्या बोटामागे नजर फिरवते का, हे पुन्हा पुन्हा बोट हलवून बघत राहिल्या.