वेबसाइटची सत्यप्रत

त्या वर्षांत अख्खा अमरावती जिल्हा झेरॉक्सच्या दुकानासमोर उभा होता. शेतीसाठी एकामागून एक पॅकेजं जाहीर होत होती आणि प्रत्येक अर्जाला सत्यप्रती जोडायच्या होत्या. मी सरकारी कॉलेजात संगणक शिकवायचो, वर राजपत्रित अधिकारी, त्यामुळे माझ्याकडे तासाला पोरं कमी आणि शिक्क्याला माणसं जास्त. ‘मूळ प्रतीशी ताडून पाहिली’ असा तो शिक्का. मूळ प्रत मी कधीच पाहिली नाही. धडाधड शिक्के मारायचो आणि समाजसेवा केल्याच्या थाटात चहा प्यायचो.

मी शिकवायचो ती प्रोग्रॅमिंगची भाषा ओपन सोर्स, म्हणजे फुकट. तिची सगळी माहिती तिच्या वेबसाइटवर होती. लॅबला जनरेटर होता, पण बाहेर भारनियमन सुरू झालं की इंटरनेटही झोपायचं. म्हणून वाटलं, ती अख्खी साइटच आपल्या सर्व्हरवर उतरवून घ्यावी. याला मिरर म्हणतात.

अकोल्यात माझा जुना मित्र सायबर कॅफे चालवायचा. त्याला विचारलं, करू का? तो की-बोर्ड पुसत म्हणाला, “कॉपी तं आजच करून देतो. पण मूळ साइट बदलत राह्यते. मिरर म्हंजे रोज पुसा लागते, मियाँ. तुह्यानं होईन काय?”

मला रागच आला. अकोल्याच्या माणसानं शिकवलेलं शहाणपण अमरावतीच्या माणसाला पचत नाही. मी हार्ड डिस्क भरून घेतली आणि गाडी पकडली.

प्राचार्यांना पहिली शंका आली ती अशी, की फुकट काहून देऊन राहिले? काहीतरी भानगड असली पाहिजे. मग मिरर म्हणजे काय ते मी समजावू लागलो, तर त्यांनी मधेच तोडलं. “म्हणजे झेरॉक्सच ना?”

मी कंटाळून हो म्हटलं.

“मंग अटेस्टेड पाहिजे. उद्या चूक निघाली तं जबाबदार कोण?”

हसू नका. मी खरोखर कोऱ्या कागदावर शिक्का मारला, सही केली, ती स्कॅन केली आणि साइटच्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर चिकटवली. येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं दाखवायचो.

काही महिन्यांनी त्या भाषेची नवी आवृत्ती आली आणि मूळ साइट बदलली. काही जुन्या आज्ञा, म्हणजे कमांड, बाद झाल्या. मी नवी प्रत चढवायची परवानगी मागितली, तर प्राचार्य खुर्चीतून अर्धे उठले. “सत्यप्रतीत खाडाखोड? गुन्हा हाये तो!” मग नवा प्रस्ताव करा, नवी समिती बसवा. मी म्हटलं, खड्ड्यात गेली ती साइट. वर्गात तोंडी दोन वाक्यांत सांगता आलं असतं. तेही सांगितलं नाही, कारण साहेब रुसले होते. साहेब म्हणजे मीच.

एक विद्यार्थिनी चांदूर रेल्वे गावाहून रोज गाडीनं यायची. घरी संगणक नाही. आमच्या सत्यप्रतीची पानं छापून घेऊन ती गाडीत पाठ करायची. शेवटच्या वर्षी पुण्याची कंपनी कॉलेजात मुलाखतींना आली. घरात पहिली नोकरी तिलाच लागणार होती. तिनं बाद झालेली आज्ञा लिहिली. चूक दाखवली तेव्हा ती अडून बसली, फाइलमधून छापलेलं पान काढलं आणि म्हणाली, “सर, सत्यप्रत आहे ही.” आतली माणसं इतकी हसली की बाहेर व्हरांड्यात मला ऐकू आलं. नोकरी हातची गेली.

दुसऱ्या दिवशी ती माझ्यापुढे उभी राहिली. “सर, हे बदललं होतं, तुमाले मालूम होतं काय?”

“होतं,” मी म्हणालो, आणि लगेच प्राचार्य, समिती, प्रस्ताव असं पुराण लावलं. तिनं ते पूर्ण ऐकून घेतलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग तिनं दुसऱ्या एका अर्जासाठी गुणपत्रिकेच्या झेरॉक्स टेबलावर ठेवल्या. सवयीनं माझा हात शिक्क्याकडे गेला. तेवढ्यात तिनं पिशवीतून मूळ गुणपत्रिका काढली आणि झेरॉक्सवर आडवी ठेवली.

“आता ताडून पाहा, सर. मंगच मारा.”