न दाबलेले काटे

हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलेलं नाही. मग तुम्हाला का सांगते आहे? — कुणाला तरी एकदा सांगून हातावेगळं करावं, इतकंच. कामं पडून राहिलेली मला आवडत नाहीत. हे मात्र वर्षानुवर्षं पडून आहे.

आम्ही जर्मनीत झिंडेलफिंगेनला आलो तेव्हा युरो अजून नवा होता. नवरा आणि धाकटे दीर, मिलिंदभाऊजी, दोघेही गाड्यांच्या कामात. भाऊजींना नदीवर ट्राउट आणि ग्रेलिंग मासे धरायचं वेड लागलं. इथे त्यासाठी परीक्षा द्यावी लागते. त्यांच्यासोबत मीही दिली, पास झाले. आणि माश्या बांधायला शिकले. बारीक गळावर दोरा आणि बदकाचं पीस गुंडाळून केलेली, डासाएवढी, पाण्यावर तरंगणारी माशी. मासा ती खरी समजून वर येतो.

करड्या पिसाची एक माशी मी स्वतः बसवली. ग्रेलिंग भारी चोखंदळ — पण तिच्यावर हटकून यायचे.

तिथल्या फेराइनच्या, म्हणजे मासेमारी मंडळाच्या जेवणात कुणीतरी विचारलं, ही कुणी बांधली? भाऊजी म्हणाले, "मी." मग माझ्याकडे बोट दाखवून, मला जर्मन कळतच नाही अशा थाटात — "वहिनी? तिचं आपलं भरतकाम चालतं." टेबलभर हशा. मीही हसले. का हसले मी? हे लिहितानाही दात आवळले जातात. मंडळात जागा एकच होती, अर्ज आम्हा दोघांचे. अशी माशी बांधणारा माणूस आपल्यात हवाच, असं ठरलं आणि जागा भाऊजींना गेली. वर्षभर उमेदवारी, मग कायम.

परतताना गाडीत म्हणाले, "रागावलात की काय वहिनी? अहो, गंमत! माश्या तर मला तुमच्याच हातच्या लागणार."

लागणार होत्याच.

त्या नदीवर एक नियम कडक आहे. गळाच्या टोकामागचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करायचा. लहान मासा सोडावाच लागतो, त्याचं तोंड फाटू नये म्हणून. मी काटा बांधायच्या आधी दाबते. नंतर दाबायला गेलं तर गळ मोडतो, मेहनत फुकट. माझ्या हातची वस्तू पुन्हा तपासावी लागत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक. भाऊजी तपासत नसत.

उमेदवारी संपत आली तेव्हा त्यांनी थोड्या माश्या मागितल्या. मी बसले — आणि पक्कड ड्रॉवरमधून काढलीच नाही. विसरले? नाही. मी विसरत नाही. माश्या देखण्या झाल्या. इतक्या बारीक गळावरचा काटा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

मग त्यांना सावध करायला एक फोन करता आला नसता? आला असता. त्याऐवजी मी शनिवारी कॉफीचा थर्मास घेऊन नदीवर गेले. बघायला.

भाऊजींनी लहानसा ग्रेलिंग धरला. गळ निघेना. ओढला, तसा ओठ फाटला. सोडल्यावर मासा कुशीवर वळला आणि तसाच वाहत गेला. मंडळाचे देखरेखीचे म्हातारे गृहस्थ जवळच उभे होते. त्यांनी तो गळ आपल्या रुमालातून ओढला — काट्यात धागा अडकला. मग डबीतला दुसरा. पुन्हा धागा. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. "वहिनींनी बांधल्या" असं ते म्हणू शकत नव्हते. ती वाट त्यांनीच बंद केली होती. मी ते धरूनच चालले होते. मी थर्मासचं झाकण घट्ट लावत राहिले. आणि — कसं सांगू — कॉफी फार छान लागली होती.

त्यांची जागा गेली. ती मला मिळाली.

भाऊजींचा फोन आला. "अभिनंदन वहिनी! आणि त्या दिवसाचं मनाला लावून घेऊ नका हं. माणूस विसरतो. तुमच्याकडून राहिलं हे मी कुणाला बोललो नाही. दादालासुद्धा नाही."

मी म्हणाले, "थँक्यू, भाऊजी."

त्या माशाचं मला वाईट वाटतं. भाऊजींचं — अजून नाही.