खिळे मीच दिले होते

“तोंड उजेडाकडं करा.”

समोर विद्यार्थी असो, शिपाई असो नाहीतर खुद्द मुख्याध्यापक, आमचे चित्रकलेचे सर दोन बोटांनी त्याची हनुवटी धरून त्याला आधी खिडकीकडे वळवायचे आणि मगच बोलायला लागायचे. मला या सवयीचा भारी राग यायचा. मी शाळेचा उपमुख्याध्यापक, गणिताचा माणूस. माझ्या हनुवटीला हात लावायचं कामच काय? “आवं, माणूस नीट दिसल्याबिगर बोलायचं कसं?” म्हणून ते हसायचे.

तुमच्याही शाळेत असे एखादे सर असतील, ज्यांच्या तासाला गोंगाटही जास्त आणि हजेरीही जास्त. बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर दोनेक वर्षांनी ते मिरजेहून इस्लामपूरजवळच्या आमच्या हायस्कुलात आले. आधी फोटो स्टुडिओत होते. पेटी झकास वाजवायचे, म्हणून संगीतही त्यांच्याच गळ्यात पडलं. नोकरी मात्र कच्ची, दरवर्षी संस्थेच्या अध्यक्षांच्या सहीवर टांगलेली. घरी बायको आणि दोन लहान मुली. सरांपेक्षा मलाच त्याचा घोर जास्त.

एकदा आठवीच्या वर्गातून गाणं ऐकू आलं, तेही इंग्रजी. मी तणतणत गेलो. टेबलावर ग्रामोफोन, आणि फळ्यावर रद्दीतल्या विलायती मासिकातून कापलेला एका काळ्या बाईचा फोटो. डोळे मिटून गात होती. मी दारातच थांबलो.

गाणं संपलं तसे सर म्हणाले, “ही अमेरिकेतली. हिला ऐकायला हॉटेल गच्च भरायचं. पण हिनं यायचं मागच्या दारानं, आणि जेवायचं-झोपायचं दुसरीकडं. का, तर कातडी काळी.”

पोरं चवताळली. अध्यक्षांची नात पहिल्याच बाकावर होती. ती ताडकन उठली. “लय वाईट माणसं, सर! आमी असतो तर पुढच्या दारानं आणलं असतं तिला.”

सरांनी मान डोलावली आणि शेजारी स्वतः काढलेला दुसरा फोटो टाचला. गाल फुगवून सनई वाजवणारा म्हातारा.

“ह्यांना वळखता?”

“व्हय! भिवाअण्णा!”

ओळखणारच. गावाबाहेरच्या वस्तीतल्या भिवाअण्णांच्या सनईशिवाय गावात लग्न लागत नव्हतं, की आमचं स्नेहसंमेलन सुरू होत नव्हतं.

“संमेलनाला कुठं बसून वाजवतात?”

“फाटकाभाईर. लिंबाखाली.”

“आत का न्हाई?”

उठलेली नात हळूच खाली बसली. मी दाराआड सरकलो. कायद्यानं शिवाशिव कधीच गेली होती, पण दरवर्षी अण्णांचा चहा कान तुटलेल्या वेगळ्या कपातून लिंबाखाली धाडायची व्यवस्था माझ्याकडे होती.

संमेलनाच्या आदल्या दिवशी ती नात चार पोरं घेऊन माझ्या खोलीत आली. “सर, भिवाअण्णांचा फोटो सभागृहात लावायचा हाय. लावू का?” सभागृहात फक्त देणगीदारांचे फोटो. माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे, मी “लावा की” म्हणालो. खण उघडून हातोडी आणि खिळेही दिले.

दुसऱ्या दिवशी पोरांनी अण्णांना पुढच्या दारानं आत आणलं. त्यांनी वहाणा उंबऱ्याबाहेर काढल्या, फोटोकडे बघितलं आणि सरांना हळूच विचारलं, “ह्यो मी? आत?” सरांनी त्यांची हनुवटी धरून खिडकीकडे वळवली. अख्ख्या गावादेखत. अण्णांचे डोळे भरून आले होते.

दोनच दिवसांनी मला आणि सरांना मुख्याध्यापकांच्या खोलीत बोलावून अध्यक्ष गरजले, “देणगीदारांच्या रांगंत ह्यो फोटो? कुणाला इचारून?”

एक वाक्य पुरे होतं. परवानगी माझी, खिळे माझे. माझी नोकरी पक्की, माझं कुणी काही वाकडं करू शकत नव्हतं. तरी मी चहाच्या कपात बघत बसलो. शरम वाटते सांगायला.

“मी लावला, साहेब,” सर म्हणाले.

फोटो उतरला, नकाशांच्या कपाटामागं गेला. उन्हाळ्यात सहीही झाली नाही. सरांना कोयनानगरच्या शाळेत कशीबशी जागा मिळाली. एसटी स्टँडवर मी पोचवायला गेलो. त्यांनी पिशवीतून कॅमेरा काढला, माझ्यावर धरला. “तोंड उजेडाकडं करा.”

माझी मान वर होईना. हनुवटी धरायला ते पुढं आले नाहीत. तसाच फोटो काढला आणि गाडीत चढले.

पंधरा दिवसांनी तो फोटो टपालानं आला. टक्कल लख्ख, चेहरा अंधारात. मागं लिहिलं होतं, “हा बरोबर आला नाही. पुन्हा काढू.” मी उत्तर लिहिलंच नाही.

चार वर्षांनी मी मुख्याध्यापक झालो, आणि त्याच साली त्यांच्या पत्नीचं पत्र आलं. सर हृदयविकारानं गेले होते. पत्र खिशात घालून मी नकाशांच्या कपाटामागून भिवाअण्णांचा फोटो काढला, स्टुलावर चढलो आणि जुन्याच जागी खिळा ठोकला. एक घाव बोटावर बसला.

संध्याकाळी अध्यक्ष आले. रांगेकडे बघून त्यांनी विचारलं, “कुणी लावला?”

“मी लावला,” म्हणालो. “मागच्या खेपेचे खिळेही माझेच होते.”

ते तडक निघून गेले. मी खिडकीशी जाऊन तोंड उजेडाकडं करून उभा राहिलो. फोटो काढायला कुणी नव्हतं.