मोठ्या सिस्टरांचा अंगठा

इस्पितळातल्या बायकांच्या फुटबॉल संघाच्या कोच म्हणजे मोठ्या सिस्टर. पेनल्टी कोण मारणार हे त्या पाय बघून नाही, नाडी बघून ठरवत. सरावात एकेकीला मैदानाच्या मध्यापासून पेनल्टीच्या ठिपक्यापर्यंत एकटीने चालवायच्या, बाकीच्या बोंबा मारायच्या, आणि ती पोचली की सिस्टर तिचं मनगट धरायच्या. "गोल कुणीही मारेल गं, तिथवर चालायला काळीज लागतं!" शिकाऊ नर्सेसना मात्र रोजचा दम असे, "अंगठ्याने नाडी बघाल तर स्वतःचीच मोजाल!"

अंतिम सामना पेनल्टीवर गेला. चार-चार गोल झाले. समोरच्यांची पाचवी पेनल्टी खांबाला लागून बाहेर गेली आणि आपल्या पोरींनी मैदान डोक्यावर घेतलं! आता आपली पाचवी उरली, ती मारणार लॉन्ड्रीतली मावशी. सिस्टरांनी तिचं मनगट पकडलं आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं.

"अगं बाई, एकशे चाळीस! तू थांब, दुसरीला पाठवते."

मावशीने मनगटाकडे पाहिलं. "सिस्टर, अंगठा काढा आधी. ही धडधड तुमची आहे!"

आणि ती बाजाराला निघाल्यासारखी चालू लागली. सिस्टरांनी डोळे गच्च मिटले, ते गोलाच्या आरोळीनेच उघडले.